हलका पत्रा, जुनं कोडं

गाडीचा पत्रा पातळ करणं सोपं. तो फडफडू न देणं अवघड. प्रोजेक्ट कारसाठी, म्हणजे हौसेने घरी उभ्या केलेल्या गाडीसाठी, स्वतः बॉनेट किंवा दाराचं पॅनेल घडवणारा माणूस आज जे करतो, ते बहुतेक सगळं या कोड्याची जुनी उत्तरं आहेत.

१९२० च्या दशकात चार्ल्स वेमन यांनी तर पत्राच काढून टाकला. लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड, आणि लाकूड लाकडाला घासून करकरू नये म्हणून सांध्यांत धातूच्या पट्ट्या. वेमन मुळात वैमानिक. १९११ ची गॉर्डन बेनेट विमानशर्यत त्यांनीच जिंकली होती. त्यांनी बनवलेल्या गाडीच्या बॉडीकडे पाहिलं की त्यांचं वैमानिकपण लपत नाही.

मिलानच्या कारोझेरिया टूरिंग या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने १९३० च्या दशकात 'सुपरलेजेरा', म्हणजे 'अतिहलकी', ही पद्धत आणली. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. ताठपणा पिंजऱ्याचा, पत्र्याने फक्त आकार धरायचा. १९४० ची मिले मिलिया शर्यत जिंकणाऱ्या बीएमडब्ल्यू ३२८ ची बॉडी टूरिंगचीच. १९५८ च्या ॲस्टन मार्टिन डीबी४ नेही हीच पद्धत घेतली. मात्र पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे.

ॲल्युमिनियमचं गणित फसवं आहे. वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच. म्हणून ०.८ मिलिमीटर पोलादाच्या जागी सुमारे १.२ मिलिमीटर ॲल्युमिनियम लागतं, आणि बचत दोन तृतीयांश नव्हे, निम्मीच होते. निम्मीही कमी नाही म्हणा!

फायबरग्लासमुळे ठोकाठोकी जाणणाऱ्याच्या हातातून काम साचा बनवणाऱ्याकडे गेलं. १९५३ ची पहिली कॉर्व्हेट फायबरग्लास बॉडीची. त्या वर्षी ३०० गाड्या निघाल्या. १९५७ च्या लोटस एलिटमध्ये तर वेगळी चासी (खालचा आधारसांगाडा) नव्हतीच. कार्बन फायबरचा सांगाडा १९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनमध्ये उतरवला. हौशी माणसाच्या हाती मात्र अजूनही फायबरग्लासच जास्त दिसतं, कारण ते चुका पोटात घालतं.

आणि वजन घटवायला पत्र्यात पाडतात ती भोकं! नुसतं भोक पाडलं तर वजनाबरोबर ताकदही जाते. कड बाहेर वळवली की पत्रा पुन्हा ताठ होतो. विमानांच्या पंखांतल्या रिबा (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या) वर्षानुवर्षं अशाच बनत आल्या आहेत.