पेशी चिकटते म्हणजे नेमकं काय होतं, हे कळायला इतकी वर्षं का लागली

सेल कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं काम, केलेल्या कुणालाही हे दृश्य पाठ असतं. फ्लास्कच्या तळाशी पेशी पसरून बसलेल्या असतात, लांबट, सपाट, मग थोडं ट्रिप्सिन घालायचं, दोनतीन मिनिटं थांबायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, तर सगळ्या गोल गोल होऊन सुटायला लागलेल्या. ट्रिप्सिन प्रोटीन कापतं, म्हणजे पेशीला तळाशी धरून ठेवणारं जे काही आहे ते प्रोटीनच असणार हे उघड आहे. आणि ट्रिप्सिनने पेशी सुट्या करायची युक्ती राउस आणि जोन्स यांनी 1916 सालीच वापरली होती! तरीही ते प्रोटीन कुठलं याचं उत्तर मिळायला 1970 आणि 80 ची दशकं उजाडली.

माझ्या मते यामागचं मोठं कारण डोक्यात बसलेली कल्पना. पेशींच्या मधे जे असतं त्याला लोक सिमेंट म्हणायचे, म्हणजे विटा आणि विटांमधला गिलावा. गिलावा काय, निर्जीव, त्याला विटेशी काही बोलायचं नसतं. खरं तर रॉस हॅरिसनने 1914 मध्ये दाखवलं होतं की गर्भातल्या पेशींना सरकायला घट्ट आधार लागतो, त्याने कोळ्याच्या जाळ्याचे धागे दिले तर पेशी त्या धाग्यांच्या कडेने लांब होत गेल्या. म्हणजे पेशी कशावर बसलीये त्यावरून तिचा आकार ठरतो हे तेव्हाच दिसलं होतं, पण पेशी ते ‘धरते’ कशाने हे शोधायची साधनंच नव्हती.

आता 1973 वर येऊ, कारण खरी गोष्ट इथे सुरू होते आणि ती सुरू होते कॅन्सरपासून. त्या काळात ट्यूमर व्हायरसवर जोरात काम चाललं होतं. नॉर्मल पेशीत व्हायरस घातला की ती बदलते, गोलसर होते, तळाला नीट चिकटत नाही, शेजारणीवर चढते. मग अशा पेशीच्या पृष्ठभागावरून काय गायब होतं हा प्रश्न होता. लंडनमध्ये रिचर्ड हाइन्सने जिवंत पेशींच्या फक्त बाहेरच्या प्रोटीन्सना रेडिओॲक्टिव्ह आयोडिन लावलं आणि प्रोटीन्सना आकारानुसार वेगळं करणाऱ्या जेलवर पाहिलं, तर नॉर्मल पेशींत एक भलंमोठं प्रोटीन, साधारण अडीच लाख डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), आणि व्हायरसने बदललेल्या पेशींत ते जवळजवळ नाहीच. ट्रिप्सिन घातलं तरी तेच प्रोटीन आधी जातं. त्याच सुमारास हेलसिंकीत एर्की रुओस्लाहती आणि अँटी वाहेरी अँटीबॉडी वापरून वेगळ्याच वाटेने त्याच प्रोटीनपाशी पोचले, अमेरिकेत केनेथ यामाडाही पोचले. प्रत्येकाने वेगळं नाव ठेवलं, त्यामुळे त्या वेळचे पेपर आज वाचताना खरंच गोंधळ होतो, चारपाच नावं आणि वस्तू एकच.

त्यात आणखी गंमत बघा. रुओस्लाहती आणि वाहेरींना तेच प्रोटीन रक्ताच्या प्लाझ्मातही सापडलं आणि 1975 मध्ये त्यांनी दाखवलं की हे तर 1948 पासून माहीत असलेलं ‘कोल्ड इनसोल्युबल ग्लोब्युलिन’, थंड केलं की साका होऊन बसणारं. सत्तावीस वर्षं ते रक्तवाल्यांच्या फ्रीजमध्ये पडून होतं आणि पेशींशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता! 1976 च्या आसपास फायब्रोनेक्टिन हे नाव रुळलं, लॅटिनमधल्या धागा आणि बांधणे या शब्दांवरून. त्याच वर्षी यामाडा आणि सहकाऱ्यांनी बदललेल्या पेशींना हे प्रोटीन बाहेरून परत दिलं, तर त्या पुन्हा बऱ्यापैकी सपाट झाल्या, नीट चिकटल्या, पण त्यांची बेसुमार वाढ काही थांबली नाही. हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चिकटणं आणि वाढणं यांचं नातं सरळसोट नाही हे तिथेच कळलं.

पण फायब्रोनेक्टिन बाहेरचं झालं, पेशीचा स्वतःचा हात कुठला? इथे दहा वर्षं गेली. कारण पकड एकेकटी फार कमजोर असते, पेशी हजारो ठिकाणी थोडं थोडं धरून बसते, म्हणून हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोनला धरणारी पेशीवरची प्रोटीन्स, शोधायच्या नेहमीच्या पद्धती इथे चालेनात. मग कॅलिफोर्नियात ला होया इथे पिअर्शबाखर आणि रुओस्लाहतींनी चिकाटीने फायब्रोनेक्टिनचे तुकडे करत नेले, एकेका साखळीत दोन हजारांवर अमिनो ॲसिड्स, त्यातून 108 चा तुकडा, मग प्रयोगशाळेत बनवलेले आणखी छोटे पेप्टाइड, आणि 1984 मध्ये ते आले फक्त तीन अमिनो ॲसिड्सवर. त्यांच्या एकअक्षरी खुणांवरून नाव आरजीडी, म्हणजे आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक ॲसिड. एवढं पृष्ठभागावर बांधलं तरी पेशी चिकटते, आणि तेच नुसतं द्रवात सोडलं तर पेशी चिकटायची थांबते, कारण हात आधीच भरलेले! ॲस्पार्टिक ॲसिडच्या जागी फक्त एका कार्बनने लांब असलेलं ग्लुटामिक ॲसिड घातलं की सगळं बंद.

पुढे वेग आला. 1985 मध्ये त्याच गटाने फायब्रोनेक्टिनचा तुकडा कॉलमवर, म्हणजे गाळणीसारख्या नळीतल्या कणांवर, बसवला, पेशींचा अर्क त्यातून सोडला, अडकलेलं प्रोटीन आरजीडी पेप्टाइडनेच सोडवून घेतलं, आणि रिसेप्टर हातात आला. 1986 मध्ये हाइन्सच्या गटाने (तोवर ते अमेरिकेत एमआयटीत होते) हॉरविट्झ आणि बक यांच्याबरोबर अशा रिसेप्टरच्या एका साखळीचा जीन वाचला आणि नाव दिलं इंटिग्रिन. हा पेशीच्या पटलातून आरपार जातो, बाहेर मॅट्रिक्सला, म्हणजे पेशींभोवतीच्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रोटीन्सच्या जाळ्याला, धरतो आणि आत टॅलिनसारख्या प्रोटीनमार्फत पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिनच्या दोऱ्यांना, म्हणून बाहेरचा ताण आत पोचतो. गिलावा ही कल्पना तिथे संपली.

आणि मग कळलं की इतर लोक कधीपासून याच कुटुंबावर काम करत होते. स्वित्झर्लंडच्या ग्लान्झमन यांनी 1918 मध्ये रक्तस्रावाचा एक आनुवंशिक आजार नोंदवला होता, प्लेटलेट्स असतात पण एकमेकींना धरत नाहीत, 1974 मध्ये पॅरिसमध्ये या प्लेटलेट्सवर काय कमी आहे ते सापडलं, ते इंटिग्रिनच निघालं. टिमथी स्प्रिंगर हे संशोधक रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काम करत होते, तिथेही तेच. त्या पेशींतलं हे इंटिग्रिन ज्या बाळांत जन्मतः नसतं त्यांची नाळ पडायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि जखमेत जंतू असूनही पू होत नाही, कारण पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडूच शकत नाहीत. आज माणसात अशी 24 इंटिग्रिन्स माहीत आहेत. वैद्यकीय संशोधनातला मानाचा 2022 चा लास्कर पुरस्कार हाइन्स, रुओस्लाहती आणि स्प्रिंगर या तिघांना मिळाला.

आपल्याकडच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट यात आहे. कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे ज्याची भीती घराघरात असते ते फुरसं, त्याच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं 49 अमिनो ॲसिडचं छोटं प्रोटीन असतं आणि त्याच्या बाहेर आलेल्या एका वळणाच्या टोकावर हीच आरजीडी खूण असते. ती प्लेटलेटच्या इंटिग्रिनवर जाऊन बसते आणि गुठळी होऊ देत नाही. त्याच आकाराच्या धर्तीवर टायरोफायबॅन हे औषध बनलं, 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि हार्ट ॲटॅकच्या पेशंटला रक्त पुन्हा गोठू नये म्हणून ते शिरेतून देतात. लाळ्या खुरकुताचा विषाणूसुद्धा गुरांच्या पेशीत शिरताना आपल्या कवचावरची आरजीडी पुढे करतो, आणि पेशी मॅट्रिक्स समजून त्यालाच धरते.