उबदार हवेतील हिवाळी ऑलिंपिक : पार्श्वभूमी

रशियातील सोची हे काळ्या समुद्राकाठचे, ताडामाडांच्या झाडांचे, उपोष्ण हवामानाचे शहर. फेब्रुवारीतही तेथील दुपारचे तापमान साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा ठिकाणी २०१४ चे हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा अनेकांना ते अघटित वाटले. परंतु हिवाळी ऑलिंपिक आणि ऊब यांचा झगडा या स्पर्धांइतकाच जुना आहे.

१९२८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झ येथे दुसरे हिवाळी ऑलिंपिक झाले. आल्प्सवरून उतरणाऱ्या, ‘फ्यॉन’ नावाच्या उष्ण, कोरड्या वाऱ्याने तेथे पारा एका दिवसात शून्याजवळून २५ अंशांपर्यंत चढवला. त्या दिवशी ५० किलोमीटरची स्की शर्यत जिंकणाऱ्या स्वीडनच्या पेर-एरिक हेडलुंडला पावणेपाच तासांहून अधिक वेळ लागला, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या विजेत्यापेक्षा तासाभराने जास्त. दहा हजार मीटर स्पीड स्केटिंगमध्ये अमेरिकेचा अर्व्हिंग जॅफी आघाडीवर असताना बर्फ विरघळू लागला आणि ती शर्यतच रद्द झाली.

त्या काळी आयोजकांच्या हाती वाट पाहणे किंवा बर्फ वाहून आणणे एवढेच होते. १९६४ मध्ये इन्सब्रुकला हिमवृष्टीने पाठ फिरवली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी बॉबस्ले आणि ल्यूज या घसरगाड्यांच्या शर्यतींच्या मार्गांसाठी सुमारे २०,००० बर्फाच्या लाद्या, तर स्कीइंगच्या उतारांसाठी सुमारे ४०,००० घनमीटर बर्फ डोंगरातून आणला आणि उतार पायांनी तुडवून घट्ट केले. (भारताने हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिले पाऊल टाकले तेही याच स्पर्धेत, जेरेमी बुजाकोव्स्की यांच्या रूपाने.)

खरे वळण आले ते १९८० मध्ये. अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम बर्फ वापरला गेला. तो बनवणारे यंत्र दाबाखालच्या हवेने पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब उडवते आणि ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. थेंबाचा काही भाग बाष्प होताना उष्णता घेऊन जातो, म्हणून येथे तापमानाइतकेच महत्त्व हवेतील दमटपणाला आहे. माठातले पाणी विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात जसे गार पडते तसे कोकणात पडत नाही, त्यातलाच हा प्रकार. समुद्राजवळच्या यजमान शहरांची अडचण त्यामुळे दुहेरी होते.

२०१० मध्ये कॅनडातील व्हँकूव्हरला याचा प्रत्यय आला. अवेळी ऊब आणि पावसामुळे शहराजवळच्या सायप्रस माउंटन या डोंगरावरील बर्फ वाहून गेला, तेव्हा गवताच्या पेंढ्या रचून उतारांना आकार दिला गेला आणि त्यावर ट्रक व हेलिकॉप्टरने आणलेला बर्फ पसरण्यात आला. प्रेक्षकांच्या उभे राहण्याच्या जागेचीही तीच गत झाली आणि हजारो तिकिटे रद्द करावी लागली.

सोचीने हा धडा आधीच गिरवला होता. बर्फावरचे बंदिस्त खेळ किनाऱ्यावर आणि स्कीइंग क्रास्नाया पोल्याना येथील डोंगरात, अशी विभागणी करून मध्ये नवा रस्ता व लोहमार्ग बांधला गेला. आदल्या हिवाळ्यातील लक्षावधी घनमीटर बर्फ उष्णतारोधक आच्छादनाखाली उन्हाळाभर जपून ठेवला होता. तरीही मऊ पडलेला पृष्ठभाग टणक करण्यासाठी मीठ कमी पडले आणि ऐन स्पर्धेत ते स्वित्झर्लंडहून विमानाने मागवावे लागले. मीठ वरचा थर वितळवते, त्या वितळण्यात खालच्या बर्फातली उष्णता खेचली जाते आणि पृष्ठभाग पुन्हा कडक गोठतो.

या साऱ्या खटाटोपाची चर्चा बहुधा खर्चाच्या अंगाने होते. खेळाडूंच्या अंगाने ती पुरेशी होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. दिवसा विरघळून रात्री गोठलेल्या उतारावर पहिल्या आणि तिसाव्या स्पर्धकाला एकच मार्ग मिळत नाही, आणि पडल्यास इजेचा धोकाही वाढतो. सर्वाधिक झळ पॅरालिंपिक खेळाडूंना बसते, कारण त्यांच्या स्पर्धा त्याच उतारांवर, पण मार्चमध्ये होतात. सोचीत त्यांच्या शर्यतींच्या वेळा उन्हामुळे बदलाव्या लागल्या होत्या.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील अभ्यासानुसार, हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच चढे राहिले, तर आजवरच्या २१ यजमान ठिकाणांपैकी शतकाअखेर फक्त जपानचे साप्पोरो भरवशाचे उरेल. त्यामुळे हिवाळी ऑलिंपिक जानेवारीत आणि पॅरालिंपिक फेब्रुवारीत घेण्याचा विचार आता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीत सुरू झाला आहे.