भेग प्लास्टरची की सळईची?

इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना भेगा पडल्या की बहुतेक सोसायट्यांत एकच ठराव होतो: जुनं प्लास्टर काढायचं, नवं करायचं आणि वर चांगल्यातला रंग मारायचा. पण बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या भेगांमागे दोन वेगळी दुखणी असतात. एकात प्लास्टर स्वतःच बिघडलेलं असतं. दुसऱ्यात प्लास्टर बिचारं धड असतं. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटसकट त्याला बाहेर ढकलते. पहिल्या दुखण्यावर नवं प्लास्टर हा उपाय आहे. दुसऱ्यावर ते केलं तर दोन-चार पावसाळ्यांत भेग त्याच जागी परत हजर होते आणि सभेत सगळे ठेकेदाराला शिव्या घालतात.

आधी प्लास्टरचं बघू. आपल्याकडे बाहेरून बहुधा सँडफेस प्लास्टर असतं. पहिला थर १२ ते १५ मिलिमीटरचा. तो ओला असतानाच खरवडून ठेवायचा, पाणी मारून पक्का होऊ द्यायचा आणि मग वर ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा थर चढवायचा. गडबड इथेच होते. ‘मजबूत होईल’ म्हणून गवंडी सिमेंट जास्त घालतो, क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूत, भुकटी जास्त असते, ओलं प्लास्टर लवकर आवळावं म्हणून वर कोरडं सिमेंट मारलं जातं आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायला कोणी फिरकत नाही. परिणाम म्हणजे आटलेल्या तळ्याच्या गाळावर दिसते तशी बारीक, वेड्यावाकड्या भेगांची जाळी. पाऊस आत घ्यायला ती पुरेशी आहे, पण इमारतीच्या जिवाला तिच्यापासून धोका नाही.

सळईचं गणित वेगळं. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो, आणि तोवर आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, पीएच नऊच्या आसपास घसरतो आणि सळईवरचं ते संरक्षण जातं. मुंबई, कोकण, गोवा अशा किनारपट्टीच्या भागात खारी हवा हे काम आणखी लवकर उरकते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा मागतो. ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते.

छज्जे आधी का जातात, याचं उत्तरही यातच आहे. स्लॅबच्या सळईवर फक्त १५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, जुन्या, १९७८ च्या भारतीय मानकालाही चालत होतं. त्यात छज्जा म्हणजे तिन्ही बाजूंनी पाऊस खाणारा पातळ स्लॅब. खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी ठेवलेली खाच कुणीतरी रंगकामात बुजवलेली असली की पाणी थेट पोटाखाली सरकतं. २००० सालच्या मानकाने समुद्रकिनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं, पण आज दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच इमारती त्याआधीच्या आहेत.

आता खरी फसगत बीमपाशी होते. बीम आणि खालचं वीटकाम यांच्या सांध्यावर आडवी भेग पडते, कारण ऊन-पावसात दोन्हींचं फुगणं-आकसणं सारखं नसतं. ही प्लास्टरची भेग. तिथं तारेची जाळी ठोकून त्यावर प्लास्टर केलं की बहुतेकदा भागतं. गंजाची भेगही बीमवर आडवीच असते, पण ती सांध्यावर नसून थोडी वर, खालच्या सळयांच्या ओळीत असते. कॉलमवर ती उभी असते, कोपऱ्यापासून इंच-दोन इंच आत. भेगेवरून बोट आडवं फिरवा. सांध्याच्या भेगेच्या दोन्ही कडा साधारण सपाटीत लागतात. गंजाच्या भेगेची एक कड वर आलेली बोटाला कळते. तपकिरी ओघळ दिसला तर शंकाच नको. (खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून विटांतून पायरी-पायरीने उतरणारी भेग या दोन्हींत बसत नाही. ती पायाचं किंवा लिंटेलचं (खिडकीवरच्या आडव्या तुळईचं) काही सांगत असते. तिथं थेट इंजिनिअर.)

हातोडीने वाजवून बघण्यावर लोकांचा फार विश्वास. धड प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं, इतपत खरं. पण दोन्ही दुखण्यांत आवाज बद्दच येतो. कुठे सुटलंय ते हातोडी सांगते, का सुटलंय ते सांगत नाही. त्यासाठी पडलेला तुकडा उचलून उलटा करून बघा. मागची बाजू गुळगुळीत असेल, तिच्यावर काँक्रीटची सपाट छाप असेल आणि टाच्यांची (प्लास्टर धरून राहावं म्हणून छिन्नीने पाडलेल्या खाचांची) एकही खूण नसेल, तर प्लास्टर करताना काँक्रीटला टाचे मारलेच नव्हते. प्लास्टर नुसतं टेकून उभं होतं. तुकड्याला खडी चिकटलेली असेल आणि त्यात सळईच्या आकाराची तपकिरी पन्हळ दिसत असेल, तर तुमच्या हातात प्लास्टर नाही, बीमचा तुकडा आहे. सळईवरून गंजाचे पापुद्रे नखाने निघतात.

उपायही तितकेच वेगळे. सुटलेलं प्लास्टर वीट लागेपर्यंत काढायचं, सांधे खरवडायचे, काँक्रीटला टाचे मारायचे, भिंत भिजवायची आणि दोन थरांत प्लास्टर करून निदान आठवडाभर पाणी मारायचं. जुन्या इमारतीत भिंत ओळंब्यात नसते, म्हणून गवंडी एका दमात दीड-दोन इंच चढवून मोकळा होतो. ते वजनानेच सुटतं. रंगाला महिनाभर तरी थांबावं. हे सगळं गवंडीकाम आहे, चांगला मिस्त्री ते नीट करतो.

गंजलेल्या बीमला मिस्त्रीच्या भरवशावर हात लावू नये. तोडण्याआधी स्लॅबला टेकू द्यावे लागतात. काँक्रीट सळईच्या पुढून तोडून भागत नाही, सळईच्या मागे बोट जाईल इतकी जागा मोकळी करायची. गंज घासून काढायचा, सळई फार बारीक झाली असेल तर जोडीला नवी टाकायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने, थराथराने भरायचं. कॉलम जास्त गेला असेल तर त्याच्याभोवती मायक्रोकाँक्रीटचं (बारीक खडीच्या, सहज वाहणाऱ्या काँक्रीटचं) जॅकेट. एवढं करूनही कधीकधी दुरुस्त केलेला तुकडा छान राहतो आणि त्याच्या शेजारी गंज धरतो, कारण शेजारच्या काँक्रीटमध्ये खार तसाच असतो. म्हणून कुठे थांबायचं हे इंजिनिअरने चाचण्या करून ठरवायचं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारलं की धड भाग गुलाबी होतो आणि कार्बनने मारलेला रंगहीन राहतो. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडची चाचणी मात्र वेगळी करावी लागते. आणि कोणी प्लास्टरवरच रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) टेकवून आकडे लिहून घेत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते आकडे प्लास्टरचे असतात.

महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून सांगाड्याची तपासणी) ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायला सांगितलं आहे. प्लास्टरचा ठराव त्या अहवालानंतर यावा. उलट्या क्रमाने गेलं की जलरोधक रंगाची दहा वर्षांची हमी देणारा माणूसच इमारतीचा डॉक्टर होऊन बसतो.

निविदेत प्लास्टर आणि पॉलिमर मॉर्टर या बाबी स्वतंत्र ठेवा, दर वेगळे मागा. जमिनीवरून दुर्बीण लावून काढलेलं पॉलिमरचं मोजमाप परांची चढल्यावर वाढणारच, त्यासाठी हाताशी वेगळी रक्कम हवी. मोजमाप तोडल्यानंतर आणि भरण्याआधी घ्यायचं, कारण मॉर्टर भरल्यावर खाली किती खोल तोडलं होतं ते कळायला मार्ग उरत नाही. ज्या सभासदाच्या खिडकीपाशी काम चालू असेल त्यानेच सळई उघडी असताना मोबाइलवर फोटो काढून समितीला पाठवला, तर शेवटचं बिल तपासताना इंजिनिअरलाही तो कामी येतो.