ऑप्शन-संघर्ष, बहुभाषी कंपायलरमधील

एकाच कंपायलर-संचात अनेक भाषांची फ्रंट एंड (त्या-त्या भाषेचा प्रोग्रॅम वाचून समजून घेणारे भाग) नांदत असताना एकाच नावाच्या कमांड-लाइन ऑप्शनच्या व्याख्या भाषेगणिक वेगळ्या निघणे, आणि त्यावर कंपायलरने काढलेला तोडगा. जीसीसी या जीएनयू प्रकल्पाच्या कंपायलर-संचात हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो. पुढील विवेचन मुख्यतः त्यालाच धरून आहे.

उगम : जीसीसी 1987 मध्ये सी भाषेचा कंपायलर म्हणून प्रसिद्ध झाला. 1999 मध्ये ईजीसीएस ही त्यातूनच वेगळी निघालेली शाखा अधिकृत ठरली आणि ‘जीएनयू कंपायलर कलेक्शन’ हे नाव आले. तोवर प्रत्येक फ्रंट एंड आपले ऑप्शन आपणच ओळखत असे. ते ‘ऑप्ट’ (ऑप्शनच्या) फाईलींत नोंदीच्या स्वरूपात लिहून त्यांचा एक सामाईक तक्ता करण्याची पद्धत साधारण 2003 च्या सुमारास रुळली. संघर्षाचा आरंभ 1999 च्या एकत्रीकरणात मानावा की या सामाईक तक्त्यात, याची मांडणी दोन्ही प्रकारे होऊ शकते. दुसरी अधिक ग्राह्य वाटते. नावे आधीही जुळत असत; ती शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय तक्त्यामुळे झाली.

कार्यपद्धती : सर्व भाषांच्या ऑप्ट फाईली ऑक (मजकुरावर प्रक्रिया करणारी एक छोटी भाषा) स्क्रिप्टने एकत्र करून नावानुसार लावल्या जातात, त्यामुळे समान नावाच्या नोंदी लागोपाठ येतात. त्यांचे गुणधर्म, म्हणजे भाषांची नावे, आर्ग्युमेंट चिकटून की सुटे, हे एकत्र जोडले जातात. हेल्प मजकुराला, म्हणजे ऑप्शनचा उपयोग सांगणाऱ्या वर्णनाला, मात्र वेगळा नियम आहे. एका नोंदीत तो रिकामा असेल तर दुसरीतला घेतला जातो. दोन्हींत असून जुळत नसेल तर तयार होणाऱ्या सी फाईलमध्ये ‘#एरर’ची ओळ लिहिली जाते आणि कंपायलरची बांधणी तिथेच थांबते. म्हणून फोर्ट्रानच्या फाईलमध्ये ‘ओपनएमपी’सारख्या नोंदीखाली हेल्पऐवजी ‘सीमध्ये दिले आहे’ अशा अर्थाची टिप्पणी आढळते. एकाच व्हेरिएबलला दोन ऑप्शनांनी आरंभीची किंमत दिली असल्यास ती सारखीच असावी, असाही नियम आहे. ‘एसटीडी=एफ95’ आणि ‘एसटीडी=सी99’ यांचा संघर्ष होत नाही, कारण तक्त्यात बरोबरीच्या चिन्हापुढील भागासह अख्खे नाव नोंदलेले असते.

ही तपासणी मजकुराची आहे, अर्थाची नाही. ‘डब्ल्यू-कन्व्हर्जन’ हा रूपांतरात किंमत बदलू शकेल तेथे वॉर्निंग देणारा ऑप्शन सी आणि फोर्ट्रान दोन्हींत आहे. फोर्ट्रानमध्ये ‘-वॉल’ (नेहमीच्या अनेक वॉर्निंग एकदम चालू करणारा ऑप्शन) दिले की तो आपोआप चालू होतो, सीमध्ये होत नाही. हा फरक ‘अमुक भाषेत अमुक ऑप्शनमुळे चालू’ या खास गुणधर्माने नोंदवतात. तो गुणधर्म विचारपूर्वक लिहावा लागतो. बांधणी थांबणे त्रासदायक असले, तरी गुपचूप झालेल्या विलीनीकरणापेक्षा ते कितीतरी हिताचे आहे. वापराच्या वेळी भाषेबाहेरचा ऑप्शन दिल्यास ‘सी प्लस प्लससाठी वैध, सीसाठी नाही’ अशा धर्तीची वॉर्निंग मिळते.

क्लँग (सी, सी प्लस प्लस) व फ्लँग (फोर्ट्रान) या एलएलव्हीएम प्रकल्पातील कंपायलरांचे ऑप्शनही सामाईक तक्त्यात असतात. तेथे कोणता ऑप्शन कोणत्या ड्रायव्हरला (कमांड वाचून कंपायलर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) दिसावा हे नोंदीतच सांगितलेले असते.

ठाणे-नवी मुंबई परिसर : येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना कंपायलर भेटतो तो मुंबई विद्यापीठाच्या ‘एसपीसीसी’ (सिस्टिम प्रोग्रॅमिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन) विषयात. त्यातील कंपायलरच्या भागात भर लेक्सर (शब्द वेगळे करणारा), पार्सर (रचना ओळखणारा) आणि कोड जनरेशनवर असतो. ऑप्शनचा प्रश्न उभा राहतो मिश्र भाषांतील कामात. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अभ्यासक्षेत्रातील ‘आयजीआरएफ’ या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रतिमानाचे प्रोग्रॅम फोर्ट्रानमध्येही मिळतात आणि सीमध्येही. असे दोन प्रोग्रॅम एका मेकफाईलखाली (बांधणीच्या सूचनांच्या फाईलखाली) आणताना ‘सीफ्लॅग्ज’ आणि ‘एफफ्लॅग्ज’ या अनुक्रमे सी व फोर्ट्रानच्या ऑप्शन-याद्या वेगळ्या ठेवाव्यात. एकच यादी दोघांना दिली, तर त्याच ‘-वॉल’खाली फोर्ट्रानच्या फाईलींवर रूपांतराच्या वॉर्निंग येतात आणि सीच्या फाईली त्याबाबत गप्प राहतात.