पार्श्वभूमी : मुलांचा मोबाइल आणि नाहीसा झालेला डोअरकीपर

पडद्यावर काय दाखवावं आणि काय नको, हा वाद कोल्हापूरला शंभर वर्षं जुना आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने इथेच ‘सैरंध्री’ काढला. १९२० साली तो पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की सरकारने त्या दृश्याला कात्री लावली. तेव्हा मुलांचा वेगळा विचार नव्हता. पुढे ‘यू’ आणि ‘ए’ असे शिक्के आले आणि ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्यांना आत सोडायचं नाही, ही जबाबदारी टॉकीजच्या दारावरच्या डोअरकीपरवर पडली. नुकतं मिसरूड फुटलेली पोरं त्याला चुकवून आत जायचीच, पण निदान चुकवायला कुणीतरी उभं होतं. त्यानंतरचे बरेचसे कायदे असाच दारावरचा माणूस शोधत आले आहेत.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. घरी कॉम्प्युटर घेणं बहुतेकांना परवडत नव्हतं, म्हणून गावोगावी नेट कॅफे निघाले. कोल्हापुरातही निघाले. प्लायवूडची केबिन, तासावर पैसे. आत बसलेला काय बघतोय हे मालकाला दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अनेकांना ते बघायचंही नव्हतं. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यावर समिती नेमली. येणाऱ्याचं ओळखपत्र तपासा, अल्पवयीनांना केबिनमध्ये नव्हे, उघड्यावरच्या मशीनवर बसवा, असं समितीने सुचवलं.

देशभरासाठी नियम यायला मात्र २०११ उजाडलं. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, केबिनबाहेरच्या स्क्रीन मोकळ्या जागेकडे तोंड करून हव्यात, कोण किती वेळ बसलं याची नोंद वर्षभर जपा. नियम बारकाईने केलेले होते, फक्त तोवर पोरं कॅफेतून उठायला लागली होती. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड ‘भरून’ मिळायचं. गाण्यांच्या फोल्डरशेजारी आणखी एखादं फोल्डर असायचं, त्याबद्दल कुणी फार बोलत नसे.

कायद्याची गतही अशीच. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात अश्लील मजकुराचं कलम ६७ होतं, पण मुलांचा वेगळा उल्लेख त्यात नव्हता. तो ६७ ब कलमाने आला. दुरुस्ती २००८ ची, अंमल २७ ऑक्टोबर २००९ पासून. मुलांच्या लैंगिक चित्रणाबद्दल पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू झाला. २०१५ मध्ये केंद्राने एका फटक्यात ८५७ अश्लील साइट बंद करायला सांगितल्या आणि ओरड होताच काही दिवसांत आदेश सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ साइटवर पुन्हा बंदी आली. अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. बंद साइट आडवाटेने उघडून देणारा व्हीपीएन कसा लावायचा हे नववीतल्या पोराला बापापेक्षा आधी कळतं.

खरी उलथापालथ झाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. डेटा जपून वापरायची गरजच उरली नाही. मार्च २०२० नंतर तर शाळाच फोनवर आली. तोवर ‘मोबाइल ठेव खाली’ म्हणणारी आईच ‘तास सुरू झालाय, मोबाइल घे’ म्हणू लागली. शाळा परत भरल्या, फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला. २०२२ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, ती याच दिवसांनंतर.

बऱ्याच ॲपवर खातं उघडायला तेरा वर्षांची अट असते. त्या वयात मूल शहाणं होतं, असा काही त्याचा अर्थ नाही. तो आकडा १९९८ च्या अमेरिकी कायद्यातून आला आणि तो कायदा मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल होता, त्यांनी काय पाहावं याबद्दल नव्हे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ही रेषा अठरावर ओढली आणि पालकांची पडताळलेली संमती मागितली. पण पोराच्या हातातलं सिम आजोबांच्या नावावर आणि ओटीपी त्याच फोनवर, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

२३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत पाहणं आणि बाळगणंही गुन्ह्यात मोडू शकतं, हे स्पष्ट केलं. याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणू नका, हे शोषण आहे, असंही बजावलं. वर्गाच्या पालक ग्रुपवर ‘बघा, असलं फिरतंय, सावध राहा’ म्हणत क्लिप पुढे ढकलणाऱ्यांनी हा निकाल मुद्दाम समजून घ्यायला हवा, कारण असली क्लिप पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. तक्रारीसाठी केंद्राचं सायबर क्राइम पोर्टल २०१८ पासून आहे, आणि मुलांबाबतच्या अशा मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.