दोन आकड्यांतून वर्षभराचं आकाश

नवीन फ्लॅटचं ब्रोशर उघडा, "भरपूर नॅचरल लाईट" असं हमखास लिहिलेलं असतं आणि खाली उन्हाने न्हालेल्या हॉलचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र. हा उजेड नक्की कधीचा, जानेवारीतल्या सकाळी ९ चा की जुलैतल्या दुपारी ४ चा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. आर्किटेक्चरवालेसुद्धा बरेचदा २१ मार्च, २१ जून, २१ डिसेंबर दुपारी १२ असे तीन क्षण घेतात, आकाश "स्वच्छ" निवडतात आणि रिपोर्टला चित्रं जोडून मोकळे होतात. आता मुंबईत २१ जूनला स्वच्छ आकाश म्हणजे काय बोलायचं!

याआधीची पद्धत उलट्या टोकाची होती. वर्षातलं सगळ्यात वाईट आकाश धरायचं, म्हणजे पूर्ण ढगाळ, आणि त्यात बाहेरच्या उजेडाच्या किती टक्के उजेड खोलीतल्या टेबलावर येतो ते काढायचं, याला डेलाइट फॅक्टर म्हणतात. अशा आकाशाचं सूत्र मून आणि स्पेन्सर यांनी १९४२ मध्ये दिलं, त्यात डोक्यावरचं आकाश क्षितिजाच्या तिप्पट उजळ असतं आणि सूर्य नसतोच. सूर्य नाही म्हणजे दिशाही नाही, त्यामुळे उत्तरेची खिडकी आणि पश्चिमेची खिडकी दोघींना सारखेच मार्क! इंग्लंडात हे चालून जातं, विदर्भात नाही. रुडकीच्या सीबीआरआयच्या (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) कामातून आपल्याकडे वेगळं डिझाइन आकाश, म्हणजे गणितासाठी धरायचं आकाश, आलं, स्वच्छ, सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर, आणि थेट ऊन सोडून बाहेर ८००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). हाताने गणित करायच्या काळात ते खरंच शहाणपणाचं होतं, पण तेही शेवटी एकच आकाश.

वर्षात तास असतात ८७६०, त्यातले साधारण निम्मे उजेडाचे. प्रत्येक तासाला आकाश वेगळं, मग प्रत्येक तासाचं आकाश का नाही बनवायचं? त्यासाठी लागते वेदर फाईल, म्हणजे एका गावाच्या वर्षभराच्या हवामानाच्या दर तासाच्या नोंदी, बहुतेक वेळा ईपीडब्ल्यू नावाची, जी एसीचं लोड काढणारे लोक रोज वापरतात. गंमत म्हणजे त्या फाईलमधलं वर्ष कधी घडलेलंच नसतं. बऱ्याच वर्षांचा डेटा घेऊन त्यातला सगळ्यात "नेहमीसारखा" जानेवारी एका वर्षाचा, फेब्रुवारी दुसऱ्याच वर्षाचा, असे बारा खरे महिने निवडून जोडलेले असतात. म्हणून गेल्या वर्षीच्या अवकाळी पावसाशी ती ताडून बघू नका, जुळणार नाही.

आता माझा आवडता भाग. या फाईलमध्ये आकाशाचा फोटो नसतो. ढग कुठे होता, किती जाड होता, काहीही नाही. आपल्या कामाचे असतात ते दर तासाचे दोन आकडे: सूर्याकडे तोंड करून मोजलेलं थेट ऊन, आणि सूर्य सोडून उरलेल्या आख्ख्या आकाशातून सपाट जमिनीवर येणारं पसरलेलं ऊन, दोन्ही वॅट प्रति चौरस मीटरमध्ये. एवढ्यावरून आकाशाचा कुठला कोपरा किती उजळ हे सांगायचं! रिचर्ड पेरेझ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे करून दाखवलं.

युक्ती अशी की थेट आणि पसरलेलं यांचं गुणोत्तर बघायचं. समजा पसरलेलं १०० आणि थेट ८००, तर दोघांची बेरीज ९००, भागिले पसरलेलं, आलं ९, म्हणजे आकाश चकाचक. थेट शून्य असेल तर उत्तर नेमकं १, म्हणजे पूर्ण झाकोळलेलं. मधले सगळे आकडे धुरकट, विरळ ढग, अर्धवट ढग वगैरे. सूर्य खाली असला की प्रकाश जास्त हवेतून येतो आणि गुणोत्तर आपोआप घसरतं, म्हणून सूर्याच्या कोनासाठी एक दुरुस्ती असते, आणि मग जो आकडा येतो त्याला स्वच्छपणा म्हणूया, त्याचे आठ गट केलेत, १ ते १.०६५ पहिला, ६.२ च्या वर आठवा. पण स्वच्छपणा १ असलेली दोन आकाशं सारखी नसतात, एक काळंकुट्ट आणि एक पांढरंफटक डोळे दिपवणारं, म्हणून दुसरा आकडा घेतात तो तेजाचा: पसरलेलं ऊन वातावरणाबाहेरच्या उन्हाच्या मानाने किती, हवेच्या जाडीचा हिशोब धरून.

या दोन आकड्यांतून आणि सूर्याच्या उंचीवरून पाच गुणांक निघतात, आणि ते एका सूत्रात जातात ज्याचे दोन तुकडे आहेत. पहिला तुकडा फक्त क्षितिज आणि माथा यांच्यातला फरक सांगतो: ढगाळ असेल तर माथा उजळ, स्वच्छ असेल तर उलट क्षितिज उजळ. दुसरा तुकडा बघतो की आकाशातला तो बिंदू सूर्यापासून किती अंशांवर आहे. सूर्याभोवतीची झळाळी एका घातांकी पदाने येते, ती किती तीव्र याला एक गुणांक, किती रुंद याला दुसरा. आणि शेवटचं पद कोनाच्या कोसाइनच्या वर्गाचं, ते रेणूंवरून होणाऱ्या विखुरण्याचं, शाळेत रॅलेचं नाव ऐकलं असेल तेच. स्वच्छ दिवशी सूर्यापासून साधारण ९० अंशांवर आकाश सगळ्यात गडद निळं दिसतं ते या सूत्रातून आपोआप बाहेर येतं, मला हे अजूनही भारी वाटतं. एक खटकणारी गोष्ट मात्र सांगायला हवी. हे गुणांक कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला आकाशाच्या हजारो स्कॅनवरून बसवलेले आहेत आणि आपण त्यांच्यावर नागपूरचं मे महिन्यातलं धुळकट आकाश उभं करतो. बऱ्यापैकी चालतं, पण डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही.

बरं, आकाशं तर झाली, पण प्रत्येकासाठी खोलीत किरण सोडत बसलो तर कॉम्प्युटर दिवाळीपर्यंत चालू ठेवावा लागेल. म्हणून पीटर ट्रेगेन्झांच्या पद्धतीने आकाशाचे १४५ तुकडे करतात (खालून वर ३०, ३०, २४, २४, १८, १२, ६ आणि माथ्यावर १). प्रत्येक तुकडा एकक तेजाचा धरून टेबलावर किती उजेड येतो ते एकदाच काढायचं. हे किराणाच्या बिलासारखं आहे, दर एकदा ठरले की मग कितीही बिलं करा, नुसता गुणाकार आणि बेरीज. ग्रेग वॉर्ड यांच्या रेडियन्स या उजेडाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला जेनडेमॅट्रिक्स नावाचा प्रोग्राम वेदर फाईल खाऊन आख्ख्या वर्षाच्या आकाशाचा तक्ता करून देतो, १४५ तुकडे अधिक एक जमीन म्हणजे १४६ ओळी, आणि ८७६० कॉलम.

इथे एक लफडं आहे. सूर्य आकाशात अर्धा अंश दिसतो आणि एक तुकडा असतो दहा-बारा अंशांचा, क्षेत्रफळात सहाशेपटींहून मोठा. सूर्याची ऊर्जा जवळच्या तीन-चार तुकड्यांत वाटली तर एकूण बेरीज बरोबर राहते पण खिडकीतून येणारा उन्हाचा कडक पट्टा पसरट आणि मवाळ होतो, चकाकीचं गणित बिघडतं. मग आकाशाचे ५७७ किंवा २३०५ तुकडे करा, नाहीतर थेट सूर्य वेगळा काढून हजारो बारीक सूर्यांच्या जागा ठरवून त्याचं वेगळं मॅट्रिक्स करा, पहिल्यातलं थेट ऊन वजा करा आणि हे मिळवा. हा पॅरा कळला नाही तर सोडून द्या, पुढे अडत नाही.

वेळेचा घोळ मात्र सोडू नका. फाईलमधला "१० वा तास" म्हणजे ९ ते १० ची सरासरी, म्हणून सूर्य साडेनऊचा घ्यायचा. भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई ७३ च्या आसपास, त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावरून जातो तो सरासरी १२:३९ ला. त्यात रेडियन्समध्ये रेखांश पश्चिमेकडे धन मोजतात, म्हणजे भारतीय वेळेचा रेखांश आपल्याला उणे ८२.५ लिहावा लागतो. चिन्ह चुकलं तरी प्रोग्राम तक्रार न करता सगळी उत्तरं देतो, सुंदर रंगीत नकाशासकट.

वास्तूवाले विचारतात म्हणून सांगतो, या तक्त्यात "ईशान्येची सकारात्मक ऊर्जा" असा कॉलम नाही. आणि "उत्तरेला ऊन येतच नाही" हे आर्किटेक्ट लोकांचं पाठांतरही आपल्या अक्षांशाला पूर्ण खरं नाही. मुंबईत शून्य सावली दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी येतो, या दोन्हींच्या मध्ये दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. पण त्यातले बरेच दिवस ढगाखाली जातात, म्हणून उत्तरेच्या खिडकीचा खरा त्रास मेच्या शेवटच्या पंधरवड्यात. सूर्याच्या नुसत्या वाटेवरून हे कळलं नसतं, त्याला वेदर फाईलच लागते. आपल्या ईसीबीसी २०१७ नेसुद्धा (व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा बचतीची नियमावली) वर्षाचाच हिशोब मागितला, १०० ते २००० लक्स उजेड वर्षातल्या उजेडाच्या ९० टक्के वेळ किती जागेत मिळतो ते.

आपल्याकडच्या बऱ्याच फाइल्समध्ये ऊन यंत्राने मोजलेलं नसतं, ढगांच्या नोंदीवरून किंवा उपग्रहावरून काढलेलं असतं, आणि तासाच्या सरासरीत धावता ढग विरघळून जातो. तरी बघायचं असेल तर फाईल फुकट मिळते आणि साधी टेक्स्ट असते. पुण्याची उतरवून एक्सेलमध्ये उघडा, वरच्या आठ ओळी सोडा, १५ वा कॉलम थेट ऊन, १६ वा पसरलेलं. जुलैतला एक दुपारचा तास आणि जानेवारीतला एक घेऊन दोघांची बेरीज भागिले पसरलेलं करून बघा, दुरुस्ती नाही केली तरी चालेल.