पावसानं सांगितलेलं घराचं वय

वेल्सच्या आग्नेयेला मॉनमथशरमध्ये, ब्लॅक माउंटन्सच्या उतारावर लुइन केलिन नावाचं एक शेतघर आहे. वेल्श भाषेत त्याचा अर्थ होली या काटेरी पानांच्या सदाहरित झाडांची राई. बाहेरून पाहिलं तर जाड दगडी भिंतींचं साधं घर वाटतं. त्याचं खरं वैभव आत आहे, ओकच्या लाकडात.

घराच्या मधोमध एक उंच दालन. मूळ बांधणीत त्यावर माळा नव्हता आणि धुराडंही नव्हतं. जमिनीवरच चूल पेटायची आणि धूर थेट आढ्यापर्यंत चढून छपरातल्या फटींतून बाहेर पडायचा. पिढ्यान्‌पिढ्या असा धूर खाऊन वासे नि तुळया काळ्याकुट्ट झाल्या. जुन्या घरांचे अभ्यासक छपरात शिरले की आधी ही काजळी शोधतात. वरच्या खोलीतला वासा काळा असेल, तर ती खोली मागाहून घातलेली आहे हे नक्की. इथेही सतराव्या शतकाच्या अखेरीस दालनात धुराडं उभं राहिलं आणि वर माळा पडला.

पण मूळ घर कधीचं? त्याचा एकही कागद हाती नाही. अशा वेळी वर्षवलयं कामी येतात. ओक दरवर्षी एक वलय धरतो. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. रुंद-अरुंद वलयांची ही लय वय माहीत असलेल्या लाकडांशी जुळवली, की झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल, तर कोणत्या ऋतूत तोडलं हेसुद्धा. ओक वाळला की लोखंडासारखा टणक होतो, म्हणून सुतार तो ओला असतानाच घडवायचे. त्यामुळे तोडणीचं आणि बांधणीचं साल एकमेकांच्या अगदी जवळ येतं.

लुइन केलिनमध्ये हा उपाय चालला नाही. मला या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग इथेच सुरू होतो असं वाटतं. वेल्समध्ये पाऊस भरपूर. तहानच लागली नाही तर झाडाला हात आखडता घ्यावा लागत नाही, आणि मग वलयांच्या रुंदीत जुळवण्याजोगे चढउतार उमटत नाहीत. त्यात इथले ओक भराभर वाढलेले, म्हणजे एका तुळईत वलयंही थोडीच.

स्वान्सी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मग वलयाची रुंदी सोडून त्यातल्या ऑक्सिजनकडे पाहिलं. ऑक्सिजनचे बहुतेक अणू 16 वस्तुमानांकाचे असतात, थोडे 18 चे. ढगातून पाणी गळताना 18 वाले जड रेणू आधी खाली येतात. म्हणून पाऊस कुठल्या वाऱ्यांबरोबर आला आणि वाटेत किती बरसला, यावर या दोन समस्थानिकांचं प्रमाण ठरतं. झाड ते पाणी मुळांनी ओढतं. पानांतून बाष्पीभवन होताना हे प्रमाण आणखी बदलतं. हवा कोरडी असेल तर जास्त, दमट असेल तर कमी. त्या उन्हाळ्याची अशी खूण लाकडाचा मुख्य घटक असलेल्या सेल्युलोजमध्ये कायमची बसते. झाड उपाशी असो वा खाऊनपिऊन सुखी, खूण उमटतेच, आणि आसपासच्या सगळ्या ओकांत जवळपास सारखीच उमटते.

काम मात्र कमालीचं नाजूक. ओकच्या वलयाचा वसंतात बनणारा सच्छिद्र भाग मागच्या वर्षीच्या साठ्यावर पोसलेला असतो, त्यामुळे तो वगळावा लागतो. उन्हाळ्यातल्या घट्ट भागाच्या बारीक चिपा धारदार पात्यानं सोलायच्या. रसायनांनी धुऊन त्यातलं निव्वळ सेल्युलोज उरवायचं. ते प्रचंड तापवून कार्बन मोनॉक्साइड वायू करायचा आणि वस्तुमानमापकात मोजायचा. एकेका वलयासाठी हे सगळं पुन्हा. मग ती आकड्यांची माळ इंग्लंडच्या मध्य-दक्षिण भागातल्या ओकांवरून तयार केलेल्या, 1200 ते 2000 या काळाच्या मोजपट्टीवर सरकवत न्यायची, जिथे बरोबर बसेल तिथपर्यंत.

माळ बसली ती 1420 च्या आसपास. आधीच्या अंदाजापेक्षा हे घर काही दशकांनी जुनं निघालं. ओवेन ग्लिंडूरचा इंग्रजी सत्तेविरुद्धचा उठाव 1400 मध्ये पेटला आणि जवळपास पंधरा वर्षं धुमसत राहिला. त्यात वेल्सचा बराच मुलूख होरपळला. तो शमल्यानंतर थोड्याच वर्षांत या खोऱ्यात कुणाकडे तरी एवढा उत्तम ओक आणि एवढे कसबी सुतार लावण्याची ऐपत होती. उठावानंतरच्या ओसाडीचं जे चित्र आपण मनात धरतो, त्यात ही गोष्ट सहज मावत नाही.

ज्या पावसानं वय सांगितलं, त्यानंच हे घर जवळजवळ संपवलंही होतं. ते उतारात खोदून बसवलेलं असल्यानं डोंगराचं पाणी भिंतींत मुरत होतं. लँडमार्क ट्रस्ट या संस्थेनं दुरुस्ती हाती घेतली, पाण्याला दुसरी वाट करून दिली आणि 2018 मध्ये घर पुन्हा उघडलं. आता तिथे भाड्यानं मुक्कामाला राहता येतं.